तांब्याचा जमाखर्च

गेल्या जूनमध्ये माझ्या फीसाठी आजीने न्हाणीघरातला पाच किलोचा तांब्याचा हंडा मोडीत घातला. शेजारच्या अक्का हळहळल्या, "एष्टु चलो हंडे इत्तु!" मला मात्र वेगळाच प्रश्न पडला : हे तांबे मुळात आले कुठून? मी कॉमर्सचा विद्यार्थी. पण शोधू लागलो तेव्हा भूगर्भातही जमाखर्चच दिसला.

साध्या खडकातही तांबे असते. पण टनामागे साधारण 50 ग्रॅम. म्हणजे आमच्या एका हंड्यासाठी 100 टन खडक फोडावा लागेल. हा धंदा कोणाला परवडणार? गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात मलांजखंड येथे 1982 साली तांब्याची मोठी खाण सुरू झाली. तिथल्या खनिजात तांबे सुमारे एक टक्का, म्हणजे हंड्याला 500 किलो पुरे. ही दोनशेपट साठवण केली कोणी? गरम पाण्याने!

सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वी तिथे खोलवर ग्रॅनाइटचा शिलारस थिजत होता. त्यातून सुटलेले खारट पाणी शेकडो अंश तापलेले होते. मिठातल्या क्लोरीनने तांबे धरून ठेवले आणि पाणी भेगांतून वर चढले. ते निवले, दाब उतरला, खडकाशी रासायनिक क्रिया झाली. मग तांबे पाण्यात राहीना. लोखंड व गंधकाशी संयोग पावून ते पिवळ्या चाल्कोपायराइटच्या रूपाने गारगोटीबरोबर भेगांत बसले. साखरेचा घट्ट पाक निवला की कडेला खडे धरतात, तसेच हे.

पुरावा काय? अशा गारगोटीत त्या पाण्याचे सूक्ष्म थेंब अजून कोंडलेले आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली ती तापवून थेंबातला बुडबुडा किती अंशाला नाहीसा होतो ते पाहतात. त्यावरून त्या काळचे किमान तापमान कळते. गंधकाच्या समस्थानिकांचे प्रमाणही शिलारसाकडेच बोट दाखवते. मात्र हा साठा नेमका कोणत्या प्रकारात घालावा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

आमच्या हिशेबशास्त्रात खाणीला क्षयशील मालमत्ता म्हणतात. जितका माल उपसला, तितके मुद्दल घटले. व्याज काहीच नाही. मोडीचे तसे नाही. ती वितळवली की तेच तांबे पुन्हा कामाला येते आणि तेवढे खाणीतून कमी काढावे लागते.

हे सारे आजीला समजावून सांगितले. क्षणभर विचार करून ती म्हणाली, "म्हणजे आपला हंडा बुडाला नाही म्हणायचा!"