नेम चुकला कुणाचा?

आमचे काका चांद्याला वकिली करीत. कोर्टात त्यांचा शब्द सहसा वाया जात नसे आणि रानात त्यांची गोळी. निदान १९६२ सालच्या दिवाळीपर्यंत तरी आम्हा पोरांची तशी ठाम समजूत होती.

चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर. गडचिरोली तेव्हा त्याच जिल्ह्यातली एक तहसील होती. तिचा वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. सागवान, बांबू आणि मोह यांचा तो मुलूख. वैनगंगेच्या काठाकाठाने भाताची शेते आणि शेतांच्या बांधालाच टेकलेले रान. दिवाळीच्या सुमारास लोंब्या भरू लागल्या की रानडुकरांचे कळप रात्री शेतात उतरत आणि वर्षाची मेहनत एका रात्रीत तुडवून जात. मग गावकरी लायसनदार माणसाला निरोप धाडत. काकांना असे निरोप दरवर्षी येत.

त्या वर्षी मी सोळा वर्षांचा होतो आणि सुट्टीत नागपूरहून त्यांच्याकडे गेलो होतो. रेडिओवर चीनच्या आक्रमणाच्या बातम्या, त्यामुळे दिवाळीला नेहमीचा रंग नव्हता. पण मला अप्रूप होते ते काकांच्या नव्या रायफलीचे. त्यांची जुनी रायफल नऊ पौंडांची होती. पन्नाशी उलटल्यावर ती खांद्यावर टाकून कोसन्‌कोस चालणे जड जाऊ लागले, म्हणून त्यांनी उन्हाळ्यात एक विलायती, साडेसहा पौंडांची हलकी रायफल घेतली होती. नळी सडपातळ, कुंदा अक्रोडाचा, गुळगुळीत. मे महिन्यात त्यांनी तिचा नेम लावून घेतला, तेव्हा शंभर यार्डांवर पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या होत्या.

भाऊबीजेनंतरच्या एका रात्री आम्ही वैनगंगेकाठच्या एका खेड्यात माळ्यावर बसलो होतो. काकांबरोबर नेहमी एक माडिया वाटाड्या असे. उत्तररात्री चांदणे नव्हते, पण बॅटरीच्या झोतात एक मोठा डुक्कर सत्तर-ऐंशी पावलांवर स्वच्छ उभा राहिला. काकांनी शिस्त धरली, बार काढला. जनावर कोलमडले, किंचाळले, उठले आणि लंगडत रानात घुसले.

"लागली, पण जागेवर नाही," काका एवढेच म्हणाले. त्यांचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता.

उजाडल्यावर रक्ताचा माग काढीत ते दोघे निघाले. मला गावात ठेवले. दोन तासांनी परतले तेव्हा वाटाड्याला चौघांनी खाटेवर घालून आणले होते. झुडपात दबा धरून बसलेल्या डुकराने त्याची मांडी सुळ्याने फाडली होती. काकांनी जनावर तिथेच संपवले, पण उशीर झाला होता. बैलगाडीने त्याला दवाखान्यात नेले. तो वाचला, मात्र महिनाभर खाटेवर होता.

जखमी जनावराचे ऋण

शहरातल्या माणसाला वाटते, गोळी चुकली तर चुकली. जनावर पळाले, गोष्ट संपली. रानात गोष्ट तिथेच सुरू होते. कुमाऊँतील चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या नावावर ४३६ बळी होते. जिम कॉर्बेटने १९०७ साली तिला मारले, तेव्हा तिच्या जबड्यातले उजवीकडचे वरचे आणि खालचे दोन्ही सुळे मोडलेले आढळले. कुणाच्या तरी बंदुकीच्या जुन्या जखमेमुळे तिला नेहमीची शिकार करता येईना आणि ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेटने लिहून ठेवले आहे. कुणाचा तरी एक नेम बोटभर चुकला, त्याची ही किंमत!

काकांनी हे सारे वाचले होते. त्यांनी रायफल भिंतीला टेकवली आणि जाहीर केले, "दोष माझा की हिचा, हे ठरेपर्यंत या रायफलीतून जनावरावर बार निघणार नाही."

उलटतपासणी

मग वकिलाने चौकशी मांडली. गावाबाहेर एका कोरड्या नाल्याची उंच दरड होती. तिच्या पोटाशी पुठ्ठा लावला, शंभर यार्ड मोजले, वाळूची दोन पोती रचली. काकांचा नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गुन्हेगार कोण ते कधीच कळत नाही.

पहिला आरोपी खुद्द काका. गोळी पुढे जाते तितक्याच नेटाने रायफल मागे येते. काडतूस तेच ठेवून रायफल नवावरून साडेसहा पौंडांवर आणली, तर धक्क्याची ताकद सुमारे अडतीस टक्क्यांनी वाढते. खांदा ती विसरत नाही. चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, हात आखडतो. काकांनी मला काडतुसे भरायला बसवले आणि मधूनच, त्यांना न सांगता, वापरलेले रिकामे काडतूस घालायला सांगितले. पाचांपैकी दोनदा चापाचा नुसता 'टक्' आवाज झाला आणि नळीचे तोंड स्पष्टपणे खाली डुचकले. मला हसू आवरेना.

"हसू नकोस," काका म्हणाले. "आरोपीने गुन्हा कबूल केला आहे. निदान अर्धा."

अर्धाच, कारण त्यानंतर त्यांनी खांद्याशी जाड घडी घेऊन, पोत्यांवर रायफल टेकवून, सावकाश बार काढले तरी गोळ्या पाच इंच उजवीकडेच जात होत्या. घाबरलेल्या हाताच्या गोळ्या विखुरतात. या एकाच दिशेला सरकल्या होत्या. म्हणजे कुणीतरी त्यांना ढकलत होते.

दुसरा दिवस स्क्रूंचा. नळी आणि कुंदा यांना जोडणारे स्क्रू, माशीचा आणि मागच्या शिस्तीचा स्क्रू, सारे तपासले. हलक्या रायफलीला हादरा जास्त, म्हणून स्क्रू ढिले पडण्याचा संभव अधिक. पण सगळे घट्ट निघाले.

मग काडतुसे. एकाच पेटीतली वापरायची, हा साधा नियम पुष्कळांना ठाऊक नसतो. वेगळ्या पेटीतले, वेगळ्या वजनाच्या गोळीचे काडतूस वेगळ्या जागी जाते. काकांनी न फोडलेली पेटी उघडली. फरक पडला नाही.

मग नळी. आतले पेचदार आटे गोळीला गरगर फिरवतात, म्हणून ती सरळ जाते. नळीच्या अगदी तोंडाशी जरासा जरी ओरखडा असला, तरी बाहेर पडताना गोळी एका बाजूला कलंडते. पुष्कळ लोक गज तोंडाकडून घालून नळी पुसतात आणि स्वतःच ते तोंड झिजवतात. जुन्या काडतुसांच्या टोपीतला मसाला जळून मागे क्षार राहतो. तो हवेतले पाणी ओढतो आणि रात्रीत गंज चढतो. म्हणून जुने शिकारी आधी उकळते पाणी ओतून नळी धूत आणि मगच तेल लावत. तेलाच्या नळीतली पहिली गोळीही भलतीकडे जाते, म्हणून बार काढण्यापूर्वी ती कोरडी पुसायची. काकांची नळी आरशासारखी स्वच्छ होती.

उन्हाचाही खेळ असतो. माशीची एक बाजू उन्हात चमकली की डोळा त्या चमकलेल्या बाजूलाच माशी समजतो आणि गोळी उन्हाच्या विरुद्ध दिशेला जाते. म्हणून सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तिन्ही वेळा बार काढून पाहिले. गोळ्या उजवीकडे त्या उजवीकडेच.

एक मात्र नवीन दिसले. पाच बार लागोपाठ काढले की पहिल्या दोन गोळ्या जवळजवळ पडत, तिसरी थोडी वर, चौथी-पाचवी आणखी वर आणि आणखी उजवीकडे. सडपातळ नळी लवकर तापते, हे खरे. पण तापल्यावर ती दर वेळी एकाच बाजूला का झुकावी?

खाटेवरचा साक्षीदार

संध्याकाळी आम्ही वाटाड्याला भेटायला गेलो. त्याच्या घराचे दार काकांना दोन हातांनी रेटून उघडावे लागले. खाटेवरूनच तो ओशाळून म्हणाला, "पान्यानं फुगलं आहे सायेब. उन्हाळ्यात आपोआप मोकळं होते."

काका दारातच थबकले. मग त्यांनी खिशातून एक रुपयाची नोट काढली, कंदिलाच्या उजेडात नळी आणि कुंदा यांच्यामधल्या फटीत सरकवली. उजवीकडून नोट सहज आत गेली. डावीकडे चार बोटांवर अडकली आणि काही केल्या पुढे सरकेना.

गुन्हेगार सापडला होता. मे महिन्यात चांद्याचे ऊन म्हणजे भट्टी. त्या उन्हात अक्रोडाचे लाकूड सुकून आक्रसले होते आणि नळी मोकळी होती. नेम लावला तेव्हाची रायफल ती. नंतर चार महिने पाऊस कोसळला, लाकूड ओल पिऊन फुगले आणि डावीकडून नळीला रेटू लागले. तंबोऱ्याच्या तारेखालचा दोरा केसभर सरकला तरी सूर बदलतो, हे घराघरांत ठाऊक आहे. बार होताना नळीही तारेसारखीच कंप पावते. तिला लाकूड एका बाजूने टेकले की कंप बिघडतो, आणि ती तापून फुगली की रेटा वाढतो. जड नळी असा दाब पुष्कळसा सोसते, हलकी सोसत नाही. काही कारखाने कुंद्याच्या टोकाशी मुद्दामच थोडा दाब ठेवतात. तो खालून आणि सारखा असला तर बाधत नाही. बाधतो तो एकांगी दाब.

दुसऱ्या दिवशी गावच्या सुताराने काठीला पॉलिशपेपर गुंडाळून डावीकडची खाच हलक्या हाताने घासली. नोट दोन्हीकडून सुळकन जाऊ लागल्यावर उघड्या पडलेल्या लाकडाला जवसाच्या तेलाचे हात दिले, एक वाळला की दुसरा, म्हणजे पुन्हा ओल शिरायला नको. आठवड्याने नाल्यात पुन्हा पुठ्ठा लागला. दर बारानंतर नळी निवू दिली. पाच गोळ्या अडीच इंचांत बसल्या!

मला वाटले काका आनंदाने उडी मारतील. ते पुठ्ठ्याकडे बघत म्हणाले, "ही चौकशी पावसाळा संपताच केली असती, तर त्या बिचाऱ्याची मांडी शाबूत राहिली असती." वाटाड्या उठून कामाला लागेपर्यंत त्याच्या घरी तांदूळ काकांकडून जात होता. आणि पुढे काकांनी एक शिस्त पाळली: पावसाळ्यानंतर नाल्यात पाच बार काढल्याशिवाय कुणाचेही निमंत्रण घ्यायचे नाही.

आणि आता

पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हौसेच्या शिकारीचे दिवस संपले. बरेच झाले. ताडोबा तर १९५५ पासूनच राष्ट्रीय उद्यान होते. १९९५ साली तिथे व्याघ्र प्रकल्प झाला. आज लोक तिथे कॅमेरे घेऊन जातात. काकांनी रायफल सरकारजमा केली तेव्हा त्यांना वाईट वाटलेले मला दिसले नाही.

रायफलीची ती विद्या मात्र संपलेली नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या खेळात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. आता स्पर्धेच्या रायफलींचे कुंदे पुष्कळदा अॅल्युमिनियमचे असतात. त्यांना पावसाळा ठाऊक नाही. टीव्हीवर त्याला गुडघ्यावर बसून शांतपणे चाप ओढताना पाहिले आणि मी उठून काकांची जुनी डायरी काढली. तिच्यात ती एक रुपयाची नोट अजून आहे. कडेला तेलाचा डाग आहे, आणि शेजारी काकांच्या अक्षरात तारीख नाही, हिशेब नाही, फक्त वाटाड्याचे नाव.