भरती-ओहोटी आणि ध्रुवीय हिमफलक

जमिनीवरून वाहत येऊन समुद्रावर तरंगू लागलेला, परंतु मागच्या हिमस्तरापासून न तुटलेला बर्फाचा जाड व विस्तीर्ण थर म्हणजे हिमफलक होय. आइस शेल्फ या इंग्रजी नावानेही तो ओळखला जातो. हिमफलक भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतो. इतकेच नव्हे, तर त्याचा आणि त्यामागील जमिनीवरच्या बर्फाचा वाहण्याचा वेगही भरती-ओहोटीनुसार बदलतो. भारताचे अंटार्क्टिकातील पहिले स्थानक, दक्षिण गंगोत्री, १९८३-८४ मध्ये अशाच एका हिमफलकावर उभारण्यात आले होते.

स्वरूप

ज्या रेषेवर बर्फ जमिनीचा आधार सोडून तरंगू लागतो तिला भूस्पर्शरेषा म्हणतात. रेषेच्या समुद्राकडील बाजूस बर्फ पाण्याबरोबर चढतो-उतरतो, तर जमिनीकडील बाजूस तो तळाशी टेकलेला असतो. त्यामुळे या दोहोंमधील काही किलोमीटर रुंदीचा पट्टा बिजागरीप्रमाणे रोज वाकतो व सरळ होतो. रॉन हिमफलकाच्या आतल्या भागात उधाणाच्या वेळी भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांतील अंतर सहा मीटरांच्या आसपास जाते. पावसाळ्यात मुंबईकरांना साडेचार मीटरांहून उंच भरतीचे इशारे दिले जातात, हे लक्षात घेतले म्हणजे शेकडो मीटर जाडीचा बर्फ किती उचलला जात असेल याची कल्पना येते.

तरंगता बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी प्रत्यक्षपणे फारशी वाढत नाही. हिमफलकाचे महत्त्व वेगळे आहे. तो दोन्ही बाजूंचे डोंगर व समुद्रतळावरील उंचवटे यांना अडकून राहतो आणि मागील हिमनद्यांना बांधाप्रमाणे थोपवून धरतो. २००२ मध्ये लार्सन-बी हिमफलकाचा सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरांचा भाग काही आठवड्यांत फुटला, तेव्हा त्यामागील हिमनद्यांचा वेग कित्येक पटींनी वाढला. जमिनीवरचे बर्फ समुद्रात आले की पातळी वाढते, आणि ती वाढ कोकणच्या खाड्यांपर्यंतही पोहोचते.

वेगावरील परिणाम

भरतीचे परिणाम परस्परविरोधी असतात. पाणी चढल्याने बर्फ उचलला जातो, भूस्पर्शरेषेजवळील घर्षण कमी होते. पण त्याच वेळी चढलेल्या पाण्याचा दाब बर्फाला मागेही रेटतो. कोणता परिणाम वरचढ ठरेल हे बर्फाखालच्या जमिनीवर अवलंबून असते.

रॉस हिमफलकाला मिळणारा व्हिलन्स हिमप्रवाह याचे सर्वांत चमत्कारिक उदाहरण होय. दिवसाचा बहुतेक काळ तो जवळजवळ थांबलेला असतो. मग दिवसातून साधारणपणे दोनदा, एकदा भरतीचा कळस होऊन गेल्यावर व एकदा ओहोटीचा तळ गाठण्यापूर्वी, तो अर्ध्या तासाच्या आत सुमारे अर्धा मीटर पुढे सरकतो. भूकंपाच्या वेळी खडकांची हालचाल अशाच रीतीने होते. फरक एवढाच की येथील घसरण फार सावकाश होते.

रटफर्ड हिमप्रवाहाची गोष्ट निराळी. तो दिवसाला सुमारे एक मीटर वाहतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीपीएस मोजणीत असे आढळले की, त्याचा वेग उधाण आणि भांग यांच्या सुमारे पंधरा दिवसांच्या चक्राबरोबर जवळजवळ २० टक्क्यांनी बदलतो, आणि हा बदल भूस्पर्शरेषेच्या मागे ४० किलोमीटरांहून दूरही जाणवतो. थोडक्यात, समुद्रापासून इतक्या आत असलेला बर्फही अमावास्या, अष्टमी आणि पौर्णिमा पाळतो!

याचे कारण असे सांगितले जाते की, तळाशी वेग बलाच्या सरळ प्रमाणात नसतो. वेग बलाच्या घनाच्या प्रमाणात आहे असे क्षणभर धरू. बल सतत १ असेल तर वेगही १ राहील. तेच बल ०.५ व १.५ असे आलटून-पालटून लागले, तर सरासरी बल १ च राहते. परंतु वेग ०.१२५ व ३.३७५, म्हणजे सरासरी १.७५ होतो. हेलकावा जितका मोठा तितका सरासरी वेग अधिक. बर्फाखालील पाण्याच्या दाबातील चढउतारांचाही यात वाटा असतो. भरती केव्हा व साधारण किती येणार हे आधीच गणिताने सांगता येत असल्यामुळे, बर्फाचा प्रतिसाद मोजून दोन-दोन किलोमीटर खोलीवरील तळ कसा आहे याचा अंदाज बांधता येतो. एरवी त्या तळापर्यंत पोहोचायला बर्फात भोक पाडावे लागते.

वितळणे

भरतीचे प्रवाह हिमफलकाखालचे पाणी ढवळतात आणि तुलनेने उबदार पाणी बर्फाच्या तळाला भिडवतात. थ्वेट्स हिमनदीच्या २०२३ मधील उपग्रह-रडार चित्रांवरून असे दिसले की, भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी टेकलेल्या बर्फाखालीही काही किलोमीटर आत शिरते. भूस्पर्शरेषा ही त्यामुळे रेषा न राहता एक रुंद पट्टाच ठरते.

भारतीय संशोधन

पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर पोहोचली. सध्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र या मोहिमांचे नियोजन करते. दक्षिण गंगोत्री साचत गेलेल्या बर्फाखाली गाडले गेल्याने १९९० च्या सुमारास सोडून द्यावे लागले. त्यानंतरचे मैत्री स्थानक शिर्माकर ओॲसिस या बर्फमुक्त खडकाळ प्रदेशात आहे.

पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनी २००३-०४ मध्ये शिर्माकर परिसरातील बर्फाची गती जीपीएसने मोजली. ती वर्षाला सुमारे २ ते ११ मीटर भरली. रटफर्डला एवढे अंतर कापायला फार तर दीड आठवडा लागतो. याच ओॲसिसच्या उत्तर कडेला हिमफलकाला लागून काही सरोवरे आहेत. त्यांचे पृष्ठजल गोडे असून ती बर्फाखालून समुद्राशी जोडलेली आहेत. खुला समुद्र तेथून ऐंशी-नव्वद किलोमीटर दूर असला, तरी या सरोवरांच्या पातळीत भरती-ओहोटी उमटते आणि काठाच्या बर्फाला त्यामुळे भेगा पडतात.