जुन्या लेहेंग्याचा भाव

जुने कपडे विकणं मुंबईला नवीन नाही. पूर्वी घेणारी बाई आपल्या दारात यायची, आता आपण विकायला मोबाइलमध्ये जातो, एवढाच फरक. लग्नात एकदाच घातलेला नामांकित डिझायनरचा लेहेंगा, कुणीतरी दुबईहून आणलेली परदेशी कंपनीची पर्स, एका रिसेप्शनपुरता शिवलेला गाऊन, असं काय काय घराघरांत पडून आहे. फोटो काढा, भाव लिहा, घरबसल्या पैसे मिळवा, असं जाहिराती सांगतात. ज्यांनी हे करून पाहिलं त्यांचा अनुभव मात्र जाहिरातीइतका गुळगुळीत नाही. तो तसा का नाही, हे आज जरा उलगडून बघू या.

आधी दारात येणाऱ्या बाईबद्दल. लालबागच्या आमच्या चाळीत दुपारी दोनच्या सुमारास बोहारीण यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं. मुंबईत हा धंदा प्रामुख्याने गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या बायकांनी सांभाळला. अम्मी दोन शर्ट, एक पँट आणि जुनी नायलॉनची साडी पुढे टाकायची. बोहारीण प्रत्येक कपडा उजेडाकडे धरायची. शर्टाची कॉलर उलटी करायची, काख बघायची, पँटची बैठक दोन्ही हातांनी ताणायची, साडी घडीवर विरली आहे का ते चाचपायची. मग म्हणायची, "यात फक्त छोटा टोप येईल." अम्मीला झाकणाचा डबा हवा असायचा. अर्धा तास घासाघीस चालायची, बोहारीण दोनदा उठून जिन्यापर्यंत जायची आणि दोनदा परत यायची. शेवटी अजून एक बनियन देऊन डबा घरात यायचा. व्यवहार तिथेच संपला. डबा परत नाही, शर्ट परत नाही.

तिथून पुढे त्या कपड्यांचं काय व्हायचं, हे फार लोकांना ठाऊक नसतं. ते धुतले जात, उसवलेलं शिवलं जाई, बटणं लावली जात, इस्त्री फिरे आणि भल्या पहाटे ते कामाठीपुऱ्याच्या चिंधी बाजारात मांडले जात. घालण्याजोगा कपडा मजुराच्या अंगावर जाई. अगदीच फाटका असेल तर गॅरेजमध्ये आणि छापखान्यात पुसायची चिंधी होई. कपडा हातात धरल्यावर तो आणखी किती दिवस टिकेल हे त्या बाईला कळायचं आणि भाव त्यावरच ठरायचा. शर्ट कुणी शिवला, कुठल्या दुकानातून आला, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

डिझायनर कपड्याचं गणित नेमकं इथे उलटं होतं. आपल्या देशातलं डिझायनर कपड्यांचं पहिलं मोठं दुकान, 'एन्सेम्बल', १९८७ मध्ये याच शहरात, फोर्टात लायन गेटपाशी सुरू झालं. तरुण ताहिलियानी हे त्यामागचं प्रमुख नाव. तोवर आपल्याकडे शिंपी होता, कापड दुकान होतं, पण कपड्यावर शिवणाऱ्याचं नाव मिरवायची पद्धत नव्हती. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव हळूहळू मावळत होता त्याच दशकातली ही गोष्ट. पुढे परळच्या ज्या फिनिक्स मिलमध्ये कापड निघायचं, तिच्याच जागेवर मॉल उभा राहिला आणि तिथे विदेशी नावांचे कपडे काचेआड लागले. आता हॉर्निमन सर्कलला २०२३ पासून सब्यसाचीचं भलंमोठं दालन आहे. कापडाचा भाव, शिलाईचा भाव आणि वर नावाचा भाव, अशी बिलाची तीन मजली इमारत झाली. त्यात सगळ्यात उंच मजला नावाचा. कपडा विकायला काढला की पहिल्यांदा हाच मजला डगमगतो.

माझ्या भाचीचंच सांगते. लग्नात तिच्या सासरच्यांनी एक लाख वीस हजारांचा लेहेंगा घेतला होता. नाव मोठं होतं, ते इथे सांगत नाही. तीन वर्षांनी नवऱ्याची नोकरी गेली आणि मुलीच्या शाळेच्या प्रवेशाचे पैसे भरायची वेळ आली. "खाला, दागिना मोडण्यापेक्षा हा विकते," म्हणाली. मला तिचा विचार शहाणपणाचा वाटला. तिने एका ऑनलाइन मंचावर साठ हजारांचा भाव लावला. मंचाने सुचवलं, पस्तीस लावा, लवकर जाईल. त्यातला पाव हिस्सा त्यांचं कमिशन. ड्रायक्लीन तिच्या खर्चाने. म्हणजे हातात पंचवीस हजारही धड येणार नाहीत, आणि तेही घेणाऱ्याने 'पसंत' म्हटल्यावर.

भाव असा का कोसळतो? याचं उत्तर एका अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्येच देऊन ठेवलं आहे. जॉर्ज अकरलॉफ त्यांचं नाव. त्यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचा विचार केला. तिकडे बोलीभाषेत खटारा गाडीला 'लिंबू' म्हणतात. विकणाऱ्याला माहीत असतं आपली गाडी चांगली की लिंबू. घेणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो. म्हणून तो चांगल्या गाडीचा भाव द्यायला तयार होत नाही, मधला भाव देतो. मधल्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात. मागे राहतात ती लिंबं. ती जास्त झाली म्हणून घेणारा आणखी भाव पाडतो. या विचाराला पुढे २००१ मध्ये नोबेल पुरस्काराचा मान मिळाला. मोटारीच्या जागी लेहेंगा ठेवा, सगळं जसंच्या तसं लागू पडतं. 'फर्स्ट कॉपी' हा शब्द मुंबईत शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. दहा जणींनी पर्स विकायला ठेवली आणि त्यातल्या चार नकली असल्याचा नुसता संशय असला, तरी उरलेल्या सहा जणींनाही नकलीच्या जवळपासचाच भाव मिळतो. खरं बोलणाऱ्या बाईला खोटं बोलणारीचा दंड भरावा लागतो.

मग खरेपणा सिद्ध कसा करायचा? बिल दाखवा म्हणतात. लग्नातल्या भेटवस्तूचं बिल कुणाकडे असतं? सासूबाईंकडे मागायची सोय नाही. लेबलाचा फोटो द्या म्हणतात. लेबल तर सगळ्यात आधी नकली होतं. लुई व्हिताँसारखी कंपनी पूर्वी पर्सच्या आत एक सांकेतिक क्रमांक छापायची, तोही लोक छापायला लागले. शेवटी २०२१ पासून कंपनीने क्रमांक सोडून आत सूक्ष्म चिप बसवायला सुरुवात केली. पण त्याआधीच्या पर्स ज्यांच्याकडे आहेत त्यांनी काय करायचं? नकली मालाची जबाबदारी कुणाची, यावर जगभर खटले झाले. २००८ मध्ये पॅरिसच्या व्यापारी न्यायालयाने याच कंपनीच्या समूहाला मोठी भरपाई द्यायचा आदेश ई-बे या लिलावमंचाला दिला, अपिलात ती रक्कम बरीच कमी झाली. तेव्हापासून महागड्या मालाचे मंच हात राखूनच वागतात. शंका आली की माल नाकारायचा. का नाकारला हे मात्र धड सांगायचं नाही, कारण सांगितलं तर नकली करणारे शहाणे होतील. त्यांच्या बाजूने हे ठीकच आहे. पण भाचीला एका ओळीचा निरोप आला, 'आमच्या निकषांत बसत नाही', आणि पार्सल परत. येण्याजाण्याचा खर्च तिच्या माथी. तिच्या सासरी त्या एका ओळीचा अर्थ काय निघाला असेल, त्याची कल्पना तुम्हीच करा.

मी तो लेहेंगा मदनपुऱ्यात एका ओळखीच्या जरदोजी कारागिराकडे नेला. त्याने पुढची बाजू पाहिलीसुद्धा नाही. लेहेंगा उलटा केला, अस्तर जरा वर उचललं आणि मागच्या धाग्यांवरून बोट फिरवलं. "अड्ड्यावरचं काम आहे, हाताचं. तीन-चार माणसं बसली असतील," म्हणाला. मशीनवरची कशिदाकारी आणि हाताची यातला फरक मागच्या बाजूला कळतो, गाठींवरून, धागा कुठे तोडला आणि कुठे ओढून नेला त्यावरून. मंचावर मागतात ते आठ फोटो, सगळे पुढच्या बाजूचे. बोहारीण कॉलर उलटी करून बघायची, ते उगाच नव्हे.

दुसरी कटकट घासाघिशीची. तुम्ही म्हणाल, बोहारणीशी तरी अम्मी काय करत होती? पण तिथे दोघी समोरासमोर होत्या आणि अर्ध्या तासात निकाल लागायचा. इथे रात्री साडेअकराला कुणीतरी विचारतं, 'लास्ट प्राइस?' आपण उत्तर देतो, आणि तो माणूस कायमचा गप्प. कुणी अंगावर घातलेला फोटो मागतं. तरुण मुलींना हे मागणारे सगळे गिऱ्हाईकच असतात असं नाही. कुणी दादर स्टेशनला पुलाखाली भेटायचं ठरवतं आणि येत नाही. एखादी घेते, आठवडाभर ठेवते, लग्न उरकते आणि 'मापात बसत नाही' म्हणून परत पाठवते. ओढणीला हळदीचा डाग. डाग आधी नव्हता हे सिद्ध करायची जबाबदारी विकणारीवर.

आणि तिसरी गोष्ट कटकट नव्हे, सरळ चोरी आहे. मोफत जाहिरातींच्या जागी वस्तू ठेवली की तासाभरात फोन येतो. पलीकडचा माणूस म्हणतो, मी फौजी आहे, बदली झाली आहे, भाव करत नाही, पैसे लगेच पाठवतो. मग तो एक क्यूआर कोड पाठवतो आणि म्हणतो, हा स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. लक्षात ठेवा, यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. असं झालंच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. जितका उशीर तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत पळतात. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायका यात फसल्या आहेत. विकायची घाई असलेल्या माणसाचं लक्ष पैसे येण्याकडे असतं, चोराला तेच हवं असतं.

कायदा काय म्हणतो? ई-व्यापारासाठी २०२० मध्ये ग्राहक संरक्षणाचे नियम आले. तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात निवारण करायचं, असं त्यात आहे. नियम चांगले आहेत. पण ते लिहिताना डोळ्यांसमोर प्रामुख्याने विकत घेणारा आहे. घरातली एकच वस्तू एकदाच विकणारी बाई व्यापारीही नाही आणि नेहमीच्या अर्थाने गिऱ्हाईकही नाही. ती दोन खुर्च्यांच्या मधे बसलेली आहे.

मंचवाल्यांना तरी यात फार सुख आहे असं समजू नका. एकेक पीस वेगळा, प्रत्येकाची तपासणी वेगळी, परत येणारं पार्सल वेगळं. नव्या मालासारखा हजार नगांचा हिशेब इथे बसत नाही. अमेरिकेची पॉशमार्क ही मोठी कंपनी २०२१ मध्ये भारतात आली आणि २०२३ मध्ये इथला पसारा आवरून गेली. ई-बेने २००४ मध्ये आपल्याकडची बाझी डॉट कॉम विकत घेतली होती, तो भारतातला मंचही २०१८ मध्ये बंद झाला. या ई-बेची सुरुवात मोठी गमतीची आहे. १९९५ मध्ये संस्थापक पिएर ओमिड्यार यांनी एक मोडका लेझर पॉइंटर लिलावाला लावला, तो १४.८३ डॉलरला गेला. मोडका आहे हे माहीत आहे ना, असं त्यांनी घेणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, मी मोडकेच जमवतो. असं गिऱ्हाईक आम्हाला अजून भेटलेलं नाही.

एका कपड्याचं मात्र या सगळ्यातून बरं चालतं, ते म्हणजे खऱ्या जरीचं. जुन्या पैठणीची किंवा शालूची जर म्हणजे चांदीची बारीक तार, वर सोन्याचा मुलामा, आत रेशमाचा धागा. साडी विरली तरी जर वजनावर जाते, ती जाळून चांदी काढतात. गिरगाव-काळबादेवीच्या बायकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. इथे नावाचा प्रश्नच येत नाही, तराजू बोलतो. आता बाजारात तांब्याची आणि प्लास्टिकचीही जर आहे, तेव्हा नखाने जरा खरवडून आत काय निघतं ते बघा. पण एक विनंती. जुनी, हातमागाची पैठणी धडकी असेल तर चांदीसाठी जाळायला देऊ नका. आधी विणकामाची जाण असलेल्या माणसाला दाखवा. चांदीच्या भावापेक्षा तिचा भाव कितीतरी जास्त निघू शकतो.

भाचीचा लेहेंगा शेवटी परळच्याच एका बाईने घेतला. ती लग्नाचे कपडे भाड्याने देते. समोर बसून, उलटा करून, चाळीस हजार रोख. शाळेचे पैसे भरून थोडे उरलेदेखील.

जाता जाता कारागिराचं राहिलं. आपल्या कॉपीराइट कायद्यात एक तरतूद आहे, कलम ५३-अ. चित्रकाराचं मूळ चित्र किंवा लेखकाचं मूळ हस्तलिखित दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर त्यातला काही हिस्सा, जास्तीत जास्त दहा टक्के, मूळ निर्मात्याला मागता येतो. म्हणजे माझ्या कवितांच्या वहीला उद्या असा भाव आला तर मला हक्क आहे. वहीला दहा हजार कोण देणार, हा भाग सोडा. मी हे त्या मदनपुऱ्याच्या कारागिराला सांगितलं आणि विचारलं, ओढणी पुन्हा विकली गेली तर तुम्हाला काय? तो सुई ओवत होता. म्हणाला, "बाजी, पहिल्या वेळचेच अजून पूर्ण आलेले नाहीत."