पत्त्यांतील दैव आणि कौशल्य

पत्त्यांचा खेळ दैवाचा की कौशल्याचा, हा वाद जुना आहे. पत्ते संगणकावर आणि हातातल्या फोनवर आल्यापासून त्याला पैशाची धार चढली. म्हणून दोहोंचा वाटा नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

रमीचेच उदाहरण घ्यावे. वाट्याला कोणती तेरा पाने येतील, हे खेळणाऱ्याच्या हाती नसते. परंतु प्रतिस्पर्ध्याने बदामची सत्ती उचलली, तर त्याला तिच्या जवळपासची पाने हवी असावीत असा तर्क करणे, टाकलेली पाने ध्यानात ठेवणे, कोणते पान धरावे व कोणते सोडावे हे ठरविणे, ही बुद्धीची कामे होत. सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली याच कारणास्तव रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. तीन पत्तीला मात्र निव्वळ दैवाचा खेळ म्हटले.

घरी पत्ते हाताने पिसतात. संगणकावर दैवदेखील यंत्रालाच घडवावे लागते. बावन्न पानांच्या संभाव्य क्रमांची संख्या लिहिण्यास अडुसष्ट आकडे लागतात. १९९९ साली अमेरिकेतील संशोधकांनी एका ऑनलाइन पोकरची पिसण्याची रीत तपासली. ती संगणकाच्या घड्याळावर अवलंबून निघाली. दिवसाचे सहस्रांश सेकंद जितके, म्हणजे ८,६४,००,०००, तितकेच क्रम तीत संभवत होते. त्यामुळे पाच पाने कळली की उरलेल्या सर्व पानांचा क्रम हुडकता येई. असे झाले की दैव आणि कौशल्य दोन्ही संपतात.

पिसणे निर्दोष असले तरी एका डावावरून खेळाडूची पारख होत नाही. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्रेटस’ या संगणकप्रणालीचा चार निष्णात पोकरपटूंशी सामना झाला. एका खेळाडूस जी पाने मिळत, तीच दुसऱ्या मेजावर यंत्रास देण्यात येत. एवढी काळजी घेऊनही निकाल निःसंशय व्हावा म्हणून वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळले गेले, आणि यंत्र जिंकले. थोड्या डावांत दैव बोलते. कौशल्याचा आवाज ऐकू येण्यास हजारो डाव लागतात.

हजारो डावांची ही वाटच खर्चाची असते. समजा, दोघांनी प्रत्येकी १०० रुपये लावले आणि खेळ चालविणाऱ्याने २० रुपये कापून विजेत्यास १८० दिले. शंभरांपैकी बावन्न डाव जिंकणारा खेळाडू निश्चितच सरस. परंतु तो १०,००० रुपये घालून ९,३६० परत मिळवितो. कौशल्य असूनही ६४० रुपये गेले. खेळ चालविणाऱ्याच्या पदरी मात्र २,००० रुपये पडले, आणि त्याला ना दैव लागले, ना कौशल्य.

१९६७ च्या त्या निकालातही एक इशारा होता: क्लबाचा मालक खेळातून नफा काढीत असल्याचे सिद्ध झाले, तर गुन्हा ठरू शकेल. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, निषिद्ध ठरविले. खेळात कौशल्य किती, हा प्रश्न जिज्ञासेचा आहे; घरातला पैसा कोठे जातो, हा प्रश्न संसाराचा आहे. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यास लागू पडत नाही.