वॉरंटीलाही व्हिसा लागतो

शटडाऊनला जाणं म्हणजे काय, हे खेड-चिपळूणच्या किंवा पाताळगंगेच्या फिटर-वेल्डरला समजावून सांगावं लागत नाही. रिफायनरीचं एखादं युनिट ठरावीक काळ बंद ठेवायचं, आतली यंत्रं उघडायची, तपासायची, पुन्हा जोडायची. तेवढ्यापुरती बाहेरून माणसं आणतात. सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं रास तनुरा हे अशा कामांचं जुनं ठिकाण. १ मे १९३९ रोजी राजे अब्दुल अझीझ यांनी इथे व्हॉल्व्ह फिरवला आणि सौदी तेल घेऊन पहिलं टँकर जहाज निघालं. आज इथल्या अरामकोच्या रिफायनरीची क्षमता दिवसाला साडेपाच लाख बॅरल आहे. तेलाचं राहू द्या. अशा ठिकाणी दोन-तीन महिन्यांसाठी गेलेल्या माणसाचा भारतात घेतलेला, वॉरंटीतला फोन बिघडला तर काय होतं, एवढंच इथे पाहायचं आहे.

आणि तिथे फोन बिघडायला निमित्त फार लागत नाही. ज्वालाग्राही वायूंचा धोका असलेल्या भागात साधा मोबाइल नेऊ देत नाहीत, त्यामुळे तो अनेकदा गाडीतच राहतो. अ‍ॅपलने आयफोन वापरण्यासाठी सांगितलेलं तापमान शून्य ते ३५ अंश सेल्सिअस, आणि बंद करून नुसता ठेवायचा असला तरी कमाल ४५. जुलैमध्ये तिथलं सावलीतलं तापमानच ४५च्या आसपास जातं, मग उन्हात उभ्या गाडीत काय होत असेल! बॅटरी फुगते, फुगलेली बॅटरी स्क्रीनला आतून ढकलते, कडेची चिकटपट्टी सुटते. उरलेलं काम आखाताची खारट, दमट हवा करते.

फोन बंद म्हणजे घरचा व्हिडिओ कॉल बंद, बँकेचा ओटीपी बंद, आणि इकामा म्हणजे निवास परवाना असलेल्यांचं अबशर अ‍ॅपही बंद, ज्यावर तिथली निम्मी सरकारी कामं चालतात. दम्माम साठ-सत्तर किलोमीटरवर. बारा तासांची शिफ्ट करणाऱ्याने कंपनीच्या अधिकृत केंद्रात कधी जायचं? मग कॅम्पमधला कोणीतरी म्हणतो, ‘माझ्या ओळखीचा एक आहे, रात्री करून देईल.’

या ओळखीच्या माणसामागे एक सरकारी निर्णय आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नसतो. एके काळी सौदीतल्या मोबाइल दुकानांत भारतीय, पाकिस्तानी, येमेनी कारागीर सर्रास दिसत. २०१६ मध्ये तिथल्या श्रम मंत्रालयाने मोबाइलची विक्री आणि दुरुस्ती ही कामं सौदी नागरिकांसाठी राखून ठेवली. त्या वर्षीच्या जूनपासून निम्मे कर्मचारी सौदी आणि सप्टेंबरपासून सगळेच्या सगळे. म्हणजे हिंदी बोलणारा, खोलीवर येऊन स्क्रीन बदलून देणारा कारागीर कितीही कुशल असला, तरी त्याचं काम तिथल्या कायद्यात बसत नाही. तो बिल देत नाही, कारण देऊच शकत नाही. रीतसर दुकानाचं मात्र तसं नाही. डिसेंबर २०२१ पासून व्हॅट नोंदणी असलेल्या दुकानांना इलेक्ट्रॉनिक बिल बंधनकारक आहे. किरकोळ ग्राहकाच्या बिलावर क्यूआर कोड असतो आणि १५ टक्के व्हॅट वेगळा दाखवलेला असतो. हा कागद पुढे फार उपयोगी पडतो.

आता वॉरंटीकडे येऊ. तिच्याबद्दलचा आपला पहिला गैरसमज असा, की फोन फुटला तर कंपनी भरून देते. नाही देत. वॉरंटी कारखान्यातल्या दोषाची असते. हातातून पडण्याची नसते. त्यासाठी वेगळे पैसे भरून विमा किंवा संरक्षण योजना घ्यावी लागते. त्यामुळे फुटलेली स्क्रीन बाहेर बदलली म्हणून स्क्रीनपुरतं काही गमावलं, असं नाही. गमावण्याची भीती असते ती पुढच्या दाव्यात. चार महिन्यांनी मदरबोर्ड गेला, आणि तो मुळातच सदोष होता, तेव्हा.

दुसरा गैरसमज, वॉरंटी जगभर चालते. सॅमसंगसह बहुतेक अँड्रॉइड कंपन्यांची भारतातल्या फोनची वॉरंटी भारतापुरतीच असते. आयफोनच्या बाबतीतही, फोन मुळात ज्या देशात विकला गेला तिथपुरती सेवा मर्यादित करण्याचा हक्क अ‍ॅपल राखून ठेवते. उलट दिशेनेही हेच लागू. सुट्टीवर येताना भावासाठी आणलेला सौदीतला फोन रत्नागिरीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये परका ठरू शकतो.

खरा वाद तिसऱ्या मुद्द्याचा आहे. फोन बाहेर उघडला म्हणून वॉरंटी आपोआप संपते का? काउंटरवरचा मुलगा ‘हो’ म्हणतो आणि बहुतेक लोक निमूटपणे परत जातात. पण छापील अटी नीट वाचल्या तर चित्र जरा वेगळं दिसतं. अ‍ॅपलच्या वॉरंटीतून वगळलं आहे ते अनधिकृत माणसाने केलेल्या दुरुस्तीमुळे झालेलं नुकसान. नुसती दुरुस्ती नव्हे. इतर अनेक कंपन्यांच्या कार्डांवर ‘सेट उघडल्यास वॉरंटी रद्द’ असं सरसकट वाक्य असतं. ते कितपत टिकावं, यावर जगभर भांडणं झाली आहेत.

ऑस्ट्रेलियात ‘एरर ५३’ प्रकरण गाजलं. बाहेर दुरुस्त केलेले आयफोन आणि आयपॅड एका सॉफ्टवेअर अपडेटनंतर बंद पडले आणि कंपनीने हात वर केले. तिथल्या ग्राहक आयोगाने कोर्टात नेल्यावर जून २०१८ मध्ये ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. दुसऱ्याने दुरुस्त केला एवढ्यावरून ग्राहकाचे कायदेशीर हक्क संपत नाहीत, हे तिथे स्पष्ट झालं. अमेरिकेत १९७५चा वॉरंटी कायदा अशा सरसकट अटींच्या आड येतो, आणि युरोपीय संघाच्या २०२४च्या निर्देशात, आधी दुसऱ्याने हात लावला एवढ्याच कारणावरून उत्पादकाने दुरुस्ती नाकारू नये, असं म्हटलं आहे.

आपल्याकडचा सर्वांत उपयोगी निकाल फोनचा नाही, मोटारींचा आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड केला. त्या आदेशात एक सूचना होती: बाहेरच्या गॅरेजमध्ये गाडी नेली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, त्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. ही सूचना कार कंपन्यांना होती, मोबाइल कंपन्यांना नाही. ग्राहक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केलं. पोर्टलवर माहिती मिळते. काउंटरवर दाखवता येईल असं कायद्याचं कलम मिळत नाही, आणि माझ्या मते खरी उणीव तीच आहे.

म्हणून सगळं येऊन ठेपतं पुराव्यावर, आणि कंपनीचा पुरावा फोनच्या पोटातच असतो. पाणी लागलं की लाल होणारी पट्टी. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये बदललेल्या भागांची यादी, आणि भाग अस्सल नसल्यास ‘अननोन पार्ट’ असा शेरा. सॅमसंगमध्ये नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज. कोणी बाहेरचं फर्मवेअर टाकलं की तो कायमचा उडतो आणि कोणत्याही कारागिराला पूर्ववत करता येत नाही. त्यामुळे ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हणणाऱ्यापासून स्क्रीन बदलणाऱ्यापेक्षा जास्त जपावं. स्क्रीन बदलल्यावरही पाण्यापासूनचं संरक्षण गेलं असं धरून चालावं. कारखान्यातली चिकटपट्टी पुन्हा तशी बसत नाही.

तुमच्या बाजूचा पुरावा तुम्हालाच जमवायचा. फोन देण्याआधी *#०६# दाबून आयएमईआय क्रमांकाचा फोटो, बिघाडाचा व्हिडिओ, बिलावर काय बदललं त्याचा उल्लेख, आणि काढलेला जुना भाग परत मागून घेणं. पासकोड सांगू नये. नव्या सॅमसंग आणि पिक्सेल फोनमध्ये दुरुस्तीसाठी खास मोड असतो, तो लावला की फोटो-मेसेज कारागिराला दिसत नाहीत.

भारतात घेतलेल्या फोनचा दावा नाकारला तर कारण लेखी मागा. काउंटरवरचा सूर इथेच बदलतो, कारण ‘उघडला होता’ लिहिणं सोपं आणि ‘उघडल्यामुळे मदरबोर्ड गेला’ लिहिणं अवघड. त्यानंतर ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही नाही झालं तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. सौदीत घेतलेल्या फोनचं मात्र इथे फारसं काही चालत नाही. विकणारा दुकानदार तिथे असतो. त्यामुळे त्याची तक्रार तिथल्या वाणिज्य मंत्रालयाच्या १९०० क्रमांकावर, विमानात बसण्यापूर्वीच करावी.