चेटर रोडवरचा रविवार

हाँगकाँगच्या सेंट्रल भागातला चेटर रोड रविवारी गाड्यांना बंद असतो. एरवी बँकवाल्यांची वर्दळ असते तिथे आज पुठ्ठे अंथरलेत, चपला कडेला काढल्यात आणि घरकामाला आलेल्या फिलिपिनी बायका पाय पसरून बसल्यात. वरच्या पादचारी पुलांवरही तीच गर्दी. कुणी मैत्रिणीचे केस कापतेय, कुणी गावी धाडायच्या खोक्यात साबण, कॉफी, मुलाचे बूट दाबून बसवतेय. अडोबोच्या डब्यातून शिरक्याचा आंबूस वास येतोय.

मी टेकलेय त्या पुठ्ठ्यावर एक पोरसवदा मुलगी आहे, नुकतीच आलेली. समोर पन्नाशीची बाई. तिला सगळ्या ‘आते’, थोरली बहीण, म्हणतात. मध्ये करारपत्र. आते बोट ठेवून एकेक कलम समजावतेय. शेजारची मला इंग्रजीत सांगतेय.

“पासपोर्ट कुठाय?”

“मॅडमकडे. सांभाळून ठेवते म्हणाल्या.”

“मागून घे. नीट बोल, पण घे. तो एजंटालाही द्यायचा नाही.”

मग झोपायची जागा विचारते. मुलांच्या खोलीत, खाली गादी टाकून. जेवण पुरतं का? मुलगी गप्प. आते भाताचा डबा तिच्यापुढे सरकवते आणि वही काढायला लावते. उठल्याची वेळ, निजल्याची वेळ, सुट्टी मिळाली की नाही, सगळं तारीख घालून लिहायचं. पगार हातात पडल्याशिवाय पावतीवर सही करायची नाही. इथल्या एजंटाला पहिल्या पगाराच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. हे ऐकून मुलगी गावाकडे ‘ट्रेनिंग’च्या नावाखाली काढायला लावलेल्या कर्जाचं हळूच सांगते.

यातलं काहीच आतेला कुणी सरकारी माणसाने शिकवलेलं नाही. ती हे सोसून शिकली, आणि तरी आठवड्याची एकुलती सुट्टी ती दुसऱ्यांच्या करारांवर घालवतेय. २००३पासून इथे मालकाच्या घरीच राहण्याची सक्ती आहे. म्हणून सुट्टीच्या दिवशी जायचं कुठे, तर रस्त्यावर. नोकरी सुटली की साधारण १४ दिवसांत हाँगकाँग सोडायचं, हा नियम १९८७चा. कर्ज डोक्यावर असलेली बाई तक्रार करील कशी? एरवियाना सुलिस्त्यानिंग्सिह या इंडोनेशियन तरुणीचा छळ २०१४मध्ये उघड झाला, तो ती मायदेशी पोचल्यावर. पुढल्या वर्षी मालकिणीला सहा वर्षांची शिक्षा झाली. मला राग येतो तो याचा, की तोवर सगळं बंद दाराआड चालू राहतं.

कर्जाचं विचारायला दोघी आता सेंट जॉन्स कॅथीड्रलच्या आवारात निघाल्यात. स्थलांतरित कामगारांसाठी १९८१पासून काम करणाऱ्या मिशनचं कार्यालय तिथे आहे. मुलगी घड्याळ बघते.

“सातच्या आत परत बोलावलंय. भांडी आहेत.”

“सुट्टी सलग २४ तासांची असते,” आते म्हणते. “आज जा. पण वहीत लिही.”