ठिणगीमागची ताकद

लाकडावर विजेच्या फांद्यांसारखी जळकी नक्षी उमटवण्यासाठी अमेरिकेतले काही हौशी कारागीर भंगारातल्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर वापरतात. जर्मन शास्त्रज्ञ लिख्टेनबर्ग यांनी १७७७ मध्ये अशा आकृत्या पाहिल्या, पण त्या स्थिर विजेच्या. स्वेटर काढताना उडणारी ठिणगीही काही हजार व्होल्टची असते. तरी ती चटका देऊन विझते, कारण तिच्यामागे साठा नसतो. हा ट्रान्सफॉर्मर मात्र सुमारे २,००० व्होल्टला अर्धा अँपिअर सहज पुरवतो, आणि हृदयाची लय बिघडायला त्याचा दहावा हिस्साही पुरतो. जीव घेते ती नुसती व्होल्टची संख्या नव्हे, तिच्यामागची ताकद.

घरातला ईएलसीबी, म्हणजे गळती दिसताच वीज तोडणारा स्विच, वाचवेल, हा भरवसा फसवा आहे. ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम गुंडाळीतून शरीरात शिरलेला प्रवाह त्याच गुंडाळीकडे परततो, म्हणून ईएलसीबीला गळती दिसतच नाही. साधे रबरी हातमोजे एवढ्या विद्युतदाबासाठी बनलेले नसतात. ‘जपून करू’ म्हणावे, तर इथे पहिली चूकच शेवटची ठरू शकते. अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या लाकूड कातणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत या तंत्रावर बंदी घातली, ती कलेच्या द्वेषाने नव्हे. माणसे दगावली म्हणून.